आधी घरचं बावखल

परवा शाळेतून आल्या आल्या धाकटीने विचारलं, "मम्मी, आपलं बावखल कुठे होतं गं?" सिस्टरांनी गावातल्या पाणवठ्यांवर प्रकल्प दिला होता. आता आमच्या गाड्या उभ्या राहतात, तिकडे मी बोट दाखवलं. "मग बुजवलं कोणी?" मी गप्पच झाले. कारण बुजवलं आम्हीच!

वसईबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं. म्हणून तर समुद्र जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या, केळी-पानवेली पिकल्या. बावखलं बुजली की विहिरी मचूळ व्हायला लागतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपल्या सर्वांचं घर म्हटलं. कॅथलिक शाळांमधून त्याचे धडे दिले जातात, हे चांगलंच आहे. आम्हा वसईकरांना तर हा विचार नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी केलेला लढा आमच्या पिढीने पाहिला आहे.

पण होतं काय, तक्ता आई रंगवते, रोपाबरोबर फोटो निघतो आणि सुट्टीत ते रोप कुंडीतच वाळतं. मार्क मात्र पैकीच्या पैकी! 'पाणी वाचवा' अशी घोषणा देणारं मूल घरी येऊन पाहतं, तर वडील अंगणात फरशी घालत असतात. मुलांनी शिकायचं तरी कोणाकडून?

म्हणून पालकसभेत मी सुचवलं, की तक्ते पुरे. गावात उरलेली बावखलं मुलांना दाखवा, वाडीतल्या आजीला बोलतं करा, विहिरीचं पाणी दर महिन्याला मोजू द्या. आणि हो, सोबत आईवडिलांनीही यायचं. "अभ्यास बुडेल," असं काहीजणी म्हणाल्याच. पण अहो, हाही अभ्यासच नाही का? सिस्टरांना पटलं.

आमचं बावखल काही परत येणार नाही. निदान छपराचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं, एवढं आम्ही घरात ठरवलंय.

मुलीने वहीत लिहिलं, 'आमचं बावखल आमच्याच घरच्यांनी बुजवलं.' खोड म्हणणार होते. नाही म्हटलं. राहू दे तसंच.