खेळणाऱ्यांना आधी विचारा

‘हेलडायव्हर्स 2’ या विज्ञानकल्पित युद्धखेळाच्या मल्टिप्लेअरबद्दल खेळाडूंनी मे 2024मध्ये जे मत नोंदवले, त्याचा खरा अर्थ व्हिडिओ गेमच्या धंद्याने अजून मनावर घेतलेला नाही. सोनीसारख्या बलाढ्य कंपनीला तीन दिवसांत निर्णय फिरवावा लागला, एवढीच त्याची बातमी झाली. मूळ प्रश्न मागेच राहिला. ज्यांच्या खेळण्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यांना निर्णयाच्या आधी कोणी विचारते का?

स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेड गेम स्टुडिओजने घडवलेला आणि सोनीने बाजारात आणलेला हा गेम 8 फेब्रुवारी 2024 रोजी प्लेस्टेशन 5 आणि संगणकासाठी एकाच वेळी आला. किंमत 40 डॉलर. चौघांच्या तुकडीने परग्रहावर उतरायचे, महाकाय कीटकांशी नाहीतर यंत्रमानवांशी लढायचे, सोपवलेले काम उरकून जिवंत परतायचे. आपली गोळी आपल्याच साथीदाराला लागू शकते आणि ते टाळण्याची सोय गेममध्ये मुद्दामच ठेवलेली नाही. त्यामुळे कधी नाव न ऐकलेल्या माणसालाही सांभाळून घ्यावे लागते. जगभरच्या मोहिमांची बेरीज एकाच आकाशगंगेच्या नकाशावर होते. कोणता ग्रह राखला आणि कोणता गमावला, हे सगळ्यांनी मिळून ठरते. मॅलेव्हलॉन क्रीक या घनदाट जंगलाच्या ग्रहावर खेळाडू मार खात राहिले आणि तरी पुन्हा पुन्हा तिथेच उतरत राहिले. एप्रिल 2024मध्ये तो ग्रह अखेर सुटला, तेव्हा पडलेल्यांच्या स्मरणार्थ स्टुडिओने प्रत्येक खेळाडूला एक खास केप दिली. ही कथा कोणा लेखकाने आधी लिहून ठेवलेली नव्हती. ती खेळणाऱ्यांनी घडवली.

अशा गेमबाबत 3 मे 2024 रोजी जाहीर झाले, की स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेऊन संगणकावर खेळणाऱ्यांनाही यापुढे सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडावेच लागेल. ही अट विक्रीच्या पानावर पहिल्यापासून लिहिलेली होती, हे कंपनीच्या बाजूने सांगायलाच हवे. सुरुवातीला सर्व्हरवर ताण आल्यामुळे ती तात्पुरती शिथिल केली होती. पण प्लेस्टेशन नेटवर्कची सेवा साधारण 70 देशांपुरती आहे आणि गेम मात्र त्याबाहेरच्या कितीतरी देशांत बिनदिक्कत विकला गेला होता. लोकांनी पैसे मोजले होते, तीन महिने खेळून मित्र जोडले होते, आणि आता नियमाप्रमाणे त्यांना खातेच काढता येणार नव्हते. सदनिकेचा ताबा दिल्यानंतर बिल्डरने जिन्याला कुलूप लावावे, तसा हा व्यवहार झाला. करारनाम्यात कोपऱ्यात काही छापले होते, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही.

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय पडले. त्यात जमेची बाजू अशी, की ज्यांचे स्वतःचे काहीच अडणार नव्हते असे खेळाडूही पुढे आले. भारतात प्लेस्टेशन नेटवर्क आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या खेळाडूला पाच मिनिटांत खाते जोडता आले असते. नेपाळमधल्या किंवा बांगलादेशातल्या त्याच्या साथीदाराला ते जमले नसते. प्रश्न असा सगळ्या तुकडीचा होता. दरम्यान 177 देश-प्रदेशांतून गेमची विक्रीच थांबली. अखेर 6 मे रोजी सोनीने अट मागे घेतली आणि खेळाडूंनी आपले वाईट अभिप्राय स्वतःहून बदलायला सुरुवात केली. मात्र त्या देशांतली विक्री काही लगेच पूर्ववत झाली नाही. नंतरच्या माघारीने सगळे नुकसान भरून निघत नाही, ते असे.

खेळाडूंचा संताप म्हणजे लाडावलेल्या पोरांची आदळआपट, असे मानणारे या धंद्यात आणि धंद्याबाहेरही पुष्कळ आहेत. त्यांनी त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट पाहावी. गेममध्ये खेळाडूंपुढे पर्याय ठेवला गेला : एका ग्रहावरचे रणगाडाविरोधी सुरुंग मिळवायचे, की दुसऱ्या ग्रहावर अडकलेल्या आजारी मुलांचे रुग्णालय वाचवायचे. नवे शस्त्र सोडून खेळाडूंनी मुले वाचवली. ती मुले काल्पनिक होती; पण निवड पाहून अ‍ॅरोहेडने ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेला 4,311 डॉलरची खरी देणगी दिली. या समूहाला विवेक आहे. त्याला विचारले तर तो जबाबदारीने उत्तर देतो.

हक्क आणि आवड यांत फरक आहे, हे मान्य. विकलेली वस्तू वापरू देणे हा हक्काचा प्रश्न. कोणते शस्त्र किती जोरकस असावे हा आवडीचा. दुसऱ्या प्रकारात बहुमत नेहमीच बरोबर असेल असे नाही. खेळात तोल राखण्यासाठी कधी लोकप्रिय शस्त्र बोथट करावेही लागते. तरीही विचारण्याची गरज तिथेही संपत नाही. 6 ऑगस्ट 2024च्या मोठ्या अपडेटमध्ये फ्लेमथ्रोअर कमजोर झाला आणि खेळाडू पुन्हा भडकले. गेल्या कित्येक अपडेटमध्ये आवडती शस्त्रे अशीच ‘नर्फ’, म्हणजे मुद्दाम कमजोर, होत होती; एकट्या फ्लेमथ्रोअरपुरता हा राग नव्हता. या वेळी स्टुडिओने 60 दिवसांचा कार्यक्रम आखला. त्यात शस्त्रांच्या तोलाचा फेरविचार होता, खेळाडूंची नियमित पाहणी होती आणि ऐच्छिक चाचणीसाठी वेगळी सोय करण्याचा विचारही होता. 17 सप्टेंबरच्या अपडेटमध्ये शस्त्रांना पुन्हा बळ मिळाले आणि रुसलेली माणसे परतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘द गेम अ‍ॅवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम मल्टिप्लेअरचा मान या गेमला मिळाला, आणि 2025मध्ये बाफ्टानेही त्याच विभागात त्याचा गौरव केला. ऐकल्याने खेळाचे वाटोळे झाले नाही.

न ऐकल्याने काय होते, तेही सोनीनेच त्याच वर्षी पाहिले. फायरवॉक स्टुडिओजचा ‘कॉनकॉर्ड’ हा अंतराळातला नेमबाजीचा मल्टिप्लेअर 23 ऑगस्टला आला. किंमत तीच, 40 डॉलर. जुलैमधल्या खुल्या चाचणीतच गर्दी तुरळक होती. बाजारात आल्यावर स्टीमवर एका वेळी 700 माणसेही जमली नाहीत. कंपनीने सगळ्यांचे पैसे परत केले, 6 सप्टेंबरला सर्व्हर बंद केले आणि ऑक्टोबरअखेर स्टुडिओला टाळे लावण्याचे जाहीर झाले. वर्षानुवर्षांची मेहनत दोन आठवड्यांत संपली आणि कारागीर बेकार झाले. ‘हेलडायव्हर्स 2’वर लोक भांडत होते, कारण त्यांना तिथे राहायचे होते. ‘कॉनकॉर्ड’साठी कोणी भांडले नाही.

खेळाडूंनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निर्णय संचालक मंडळात होतात आणि शिव्या खातो तो उत्तरे द्यायला बसवलेला पगारी माणूस. त्याला धमक्या देणे, त्याच्या घरादारापर्यंत पोहोचणे हे मत नव्हे. दोन लाख लोकांच्या रास्त तक्रारीला मूठभरांची ही दांडगाई बट्टा लावते आणि कंपनीला कानावर हात ठेवायला निमित्त पुरवते. जो समूह अनोळखी साथीदाराला सांभाळत लढतो, त्याने हा आवरही घालून घ्यावा.

मागणी साधी आहे. मल्टिप्लेअर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने खेळण्याची अट गेमच्या किमतीइतक्या ठळक अक्षरांत छापावी. जिथे ती अट पाळता येत नाही, त्या देशात गेम विकू नये. विकल्यानंतर अट बदलायचीच झाली, तर ज्याला ती पाळता येणार नाही त्याचे पैसे तास न मोजता परत करावेत. आणि मोठा बदल लागू करण्याआधी तो खेळाडूंच्या हाती देऊन पाहावा. मल्टिप्लेअरमध्ये कंपनी फक्त मैदान आखते. त्यावर खेळ उभा करतात ती माणसे. त्यांचे म्हणणे ऐकायला दोन लाख अभिप्रायांची वाट पाहावी लागू नये.