अकुशल कोण?
यंत्रहातास आमचा सरसकट विरोध नाही. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ साच्यातले तप्त सुटे भाग उचलू लागला. कामगाराची होरपळ टळली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु टेस्लाच्या कारखान्यात बॅटरीवर काचतंतूची मऊ चटई ठेवावयास नेमलेल्या यंत्राला ती धड उचलताच येईना. हे काम मानवी हातच अधिक चांगले करतात, अशी कबुली खुद्द ईलॉन मस्क यांना २०१८ मध्ये द्यावी लागली. (पुढे ती चटईच अनावश्यक ठरली, ही गोष्ट निराळी!) मऊ वस्तू किती दाबून धरावी, हे बोटांना सरावाने कळते. मग आपल्या किमान वेतनाच्या तक्त्यात मालाची उचल-ठेव करणारे हात ‘अकुशल’ म्हणून तळाशी का?