‘वय झालंय’ हे निदान नव्हे

रविवारची रात्र. जेवणे आटोपून घरातली मंडळी टीव्हीसमोर बसलेली असतात आणि पडद्यावर ‘हाची’ सुरू असतो. रिचर्ड गेअरचा २००९चा हा चित्रपट बहुतेकांनी आधी पाहिलेला असतो, तरी शेवटच्या अर्ध्या तासात रुमाल लागतोच. स्टेशनाबाहेर मालकाची वाट पाहणारा हाची म्हातारा होतो, त्याची चाल मंदावते. नेमक्या त्याच वेळी सोफ्यावरच्या माणसाची नजर पडद्यावरून पायाशी झोपलेल्या तेरा वर्षांच्या कुत्र्याकडे वळते. याचे पोट हलते आहे ना? परवा जिना चढताना हा मध्येच का थांबला होता?

वयस्क कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरांत ही काळजी नवी नाही. अडचण अशी, की ती बहुतेकदा चित्रपटाबरोबरच संपते. डोळे पुसले जातात, कुत्र्याला एक बिस्कीट जास्त मिळते आणि सकाळी ‘आता वय झालंय त्याचं’ या वाक्यावर विषय मिटतो. डॉक्टरांकडे जाणे लांबते, कारण तिथे काय ऐकावे लागेल याची भीती असते. प्रेम कमी असते असे मुळीच नाही. पण त्या प्रेमाचा प्राण्याच्या तब्येतीला काडीचाही उपयोग होत नाही.

खऱ्या हाचीची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. अकिता जातीचा हा कुत्रा १९२३मध्ये जपानमध्ये जन्मला. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५मध्ये वारले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे तो टोकियोच्या शिबुया स्टेशनावर येत राहिला आणि ८ मार्च १९३५ रोजी गेला. त्याचे अवयव जतन करून ठेवले होते. २०११मध्ये टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी त्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा फुप्फुस आणि हृदयात कर्करोग आढळला. डासांमुळे पसरणाऱ्या फायलेरियाच्या जंतांचा त्रास तर होताच. चित्रपटात दिसते ते म्हातारपण आणि विरह. प्रत्यक्षात ते शरीर आजारी होते. त्या काळी यावर फारसे काही करता आले नसते. आज बऱ्याच आजारांत करता येते.

वयाच्या नावाखाली काय काय दडते, ते पाहण्यासारखे आहे. जिना टाळणे, गाडीत उडी न मारणे हे अनेकदा संधिवाताचे दुखणे असते. कुत्रा त्यासाठी कण्हतोच असे नाही आणि मांजर तर दुखणे लपवण्यात पटाईत. रात्रीचा खोकला, विशेषतः लहान जातींच्या कुत्र्यांत, हृदयाच्या झडपेच्या आजाराची खूण असू शकतो. योग्य टप्प्यावर औषध सुरू केले, तर हृदय निकामी होणे लांबवता येते. पाणी खूप पिणे आणि लघवी वाढणे यामागे मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. दहा किलोचा कुत्रा दिवसाला एक लिटरहून जास्त पाणी पीत असेल, तर तपासणी हवीच. भरपूर खाऊनही वाळत चाललेल्या म्हाताऱ्या मांजरीत थायरॉइड वाढलेले असण्याची शक्यता असते. तोंडाची दुर्गंधी हे अनेकदा दातांचे दुखणे असते. या सगळ्यांवर उपचार किंवा निदान आराम तरी आहे. म्हातारपण हा आजार नाही, मात्र त्याच्या आडोशाला आजार सुखाने वाढतात.

म्हणून चित्रपट पाहताना पायाशी झोपलेल्या जिवाच्या पोटाकडे नजर जातेच, तर तिचा उपयोग करून घ्यावा. प्राणी गाढ झोपलेला असताना, धापा टाकत नसताना, छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास धरायचा. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची. झोपेतला हा आकडा कुत्रा आणि मांजर दोघांतही साधारणपणे मिनिटाला तीसच्या आत असतो. दोन-तीन वेळा मोजूनही तो तीसच्या वर राहिला, तर डॉक्टरांना कळवावे. हृदयरोगी प्राण्यांमध्ये फुप्फुसात पाणी साठू लागल्याची ही सुरुवातीची सूचना असू शकते. फोनमधले घड्याळ त्यासाठी पुरते. मात्र श्वास घेताना तोंड उघडे ठेवून धडपड होत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा.

दुखते आहे असे वाटले, म्हणून घरातली गोळी देणे हा दुसरा घातक मोह. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेनमुळे कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

खर्चाचा प्रश्न खोटा नाही. पण सहा महिन्यांतून एकदा वजन, रक्त आणि लघवी तपासणे हे मध्यरात्री अत्यवस्थ प्राण्याला घेऊन धावण्यापेक्षा सहसा स्वस्तच पडते. सगळेच आजार बरे होणार नाहीत, हेही खरे. तेव्हा ‘किती दिवस’ यापेक्षा ‘कसे दिवस’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तो खातो का, दाराशी येतो का, स्वतःहून उठतो का? वेदनाशमन आणि गरज पडल्यास दयामरण याविषयी डॉक्टरांशी शांतपणे बोलायचे, तर ते संकट दाराशी येण्याआधीच बोलायला हवे.

हाचीसाठी रडण्यात काही गैर नाही. पण त्याची गोष्ट संपून नव्वद वर्षे झाली. पायाशी झोपलेल्याची अजून चालू आहे, आणि त्याला स्वतःहून दवाखान्यात जाता येत नाही.