पान पिकवायचं की रंगवायचं?



आधी रानातली नोंद. तंबाखूची खुडणी उरकली. फुटवे काढायचा दुसरा फेरा चालू आहे. खालच्या पानांवर ठिपका दिसायला लागलाय. थंडी अशीच राहिली तर पान चांगलं भरेल.

आज विषय जरा लांबचा घेतलाय, पण पीक आपलंच आहे. सिगारच्या वरच्या पानाला रंग देऊन ते काळं दिसेल असं करतात, त्याबद्दल लिहितोय. आपण निपाणी-कागल पट्ट्यातली विडीची तंबाखू करणारी माणसं, आपला सिगारशी काय संबंध, असं काही जण म्हणतील. संबंध आहे. पुढं सांगतो.

एक गोष्ट अगोदरच सांगून ठेवतो. सिगार मी ओढत नाही आणि ओढा असं कुणाला सांगणारही नाही. तंबाखूनं शरीराचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी बोलतोय ते पानाबद्दल आणि ते पिकवणाऱ्याबद्दल.

सिगारमध्ये तीन प्रकारची पानं असतात. आत भरायची, त्या भरणीला बांधून धरायचं, आणि सगळ्यात वर गुंडाळायचं. हे वरचं पान वजनाला थोडंसंच, पण भावाला सगळ्यात वर. त्याला भोक चालत नाही, चीर चालत नाही, जाड शीर चालत नाही. गारा पडल्या आणि पान फाटलं की तेच पान आतल्या भरणीत जातं आणि भाव कोसळतो. अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात 1900 पासून शेतावर कापडाचे मांडव घालून पान पिकवतात, ते कशासाठी? तर ऊन चाळून यावं, पान पातळ, मऊ आणि फिकट रंगाचं व्हावं म्हणून. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये दिनहाट्याकडं असं वरचं पान पिकतं.

आता काळं पान. त्याला ‘मादुरो’ म्हणतात. स्पॅनिश शब्द आहे. अर्थ साधा, पिकलेलं. हा शब्द लक्षात ठेवा, सगळी गोम त्यात आहे.

पातळ पान मादुरो करायला चालत नाही, त्या उष्णतेत ते टिकत नाही. त्याला जाड, तेलकट, उन्हात वाढलेलं पान लागतं. त्याच कनेक्टिकट खोऱ्यात ब्रॉडलीफ नावाचं वाण मांडवाशिवाय उघड्यावर पिकवतात आणि झाड बुडातून कापून कोठारात टांगतात. मेक्सिकोत व्हेराक्रूझ राज्यात सान आंद्रेसचं खोरं अशा पानासाठी नावाजलेलं आहे. टांगल्यावर पान हिरव्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं तपकिरी होतं. मग थोडा ओलावा देऊन पानांचे मोठे ढीग रचतात. ओली वैरण गंजीला लावली की गंजी आतून कशी तापते, हे आपल्याला शिकवायला नको. तसाच हा ढीग तापतो. आत तापमापक घालून ठेवलेला असतो. पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की ढीग मोडायचा, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत घालून परत रचायचा. असं कितीतरी वेळा. त्यात अमोनियाचा उग्र वास निघून जातो, तिखटपणा उतरतो आणि पान हळूहळू काळपट होत जातं. याला महिने लागतात. चांगल्या काळ्या पानाला वर्षाच्या पुढंही जातं.

एवढे दिवस माल अडकून पडतो. पैसा अडकतो, जागा अडकते, माणूस अडकतो. ढीग जास्त तापला तर पान कुजतं. म्हणून काळ्या पानाला जास्त पैसे मिळतात. ते पैसे रंगाचे नसतात, थांबण्याचे असतात.

आणि इथंच वाट वाकडी होते. गिऱ्हाइकाला ढीग दिसत नाही, महिने दिसत नाहीत, फक्त रंग दिसतो. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की रंगच दिला तर? फिकट, डागाळलेलं, अर्धवट मुरलेलं पान घ्यायचं, रंगाच्या पाण्यातून काढायचं नाहीतर वरून हात फिरवायचा, की झालं मादुरो. कुठल्या कंपनीनं केलं, कुणी नाही, त्यात मी जात नाही. प्रकार या धंद्यात जुना आहे आणि धंद्यातल्या माणसांना तो ठाऊक आहे.

सगळ्यांना एकाच काठीनं हाकणंही बरोबर नाही. यात तीन प्रकार आहेत. पहिला, वाफ आणि दाब देऊन पान लवकर काळं करायचं. यात बाहेरचं काही मिसळत नाही, पानाला घाई केली एवढंच. दुसरा, तंबाखूचेच देठ पाण्यात उकळून त्याचा काढा पानावर मारायचा. याला स्पॅनिशमध्ये ‘बेतून’ म्हणतात आणि ही पद्धत बरीच जुनी आहे. काढा तंबाखूचाच असतो, त्यामुळं वासाला आणि चवीलाही त्याचा उपयोग होतो म्हणतात. तिसरा, सरळ रंग. पहिल्या दोन्हींबद्दल माझं म्हणणं एवढंच, की केलंय ते सांगा. तिसऱ्याला मात्र मी फसवणूकच म्हणतो.

ओळखायचं कसं, असं विचाराल. ओलं पांढरं फडकं पानावर घासून बघतात. फडकं गडद रंगलं की संशय घ्यायचा. पण खरं काळं पानसुद्धा ओल्या बोटाला थोडा तपकिरी डाग देतं, कारण पानातला रस पाण्यात उतरतो. म्हणून नुसत्या डागावरून कुणाला चोर ठरवू नये. दुसरी खूण जास्त कामाची. खऱ्या पानात कडेला, शिरेजवळ, टोकाला रंग कमीजास्त असतो. सगळी पेटी एका रंगाची, शीर आणि पान यात काही फरकच नाही, भिंतीला ऑइलपेंट मारल्यासारखं एकसारखं, असं दिसलं की विचारायचं. निसर्ग एवढा एकसारखा रंग देत नाही. आपल्या एका झाडाची दोन पानं सारखी नसतात.

आता कुणी म्हणेल, काय बिघडलं? म्हातारा माणूस केस काळे करतोच की. करू दे. पण केस काळे करून वय पंचवीस सांगत लग्नाला उभा राहिला तर? रंगाला माझी ना नाही. ‘मादुरो’ म्हणजे पिकलेलं, आणि न पिकलेल्या पानाला तो शब्द लावून पिकलेल्याचे पैसे घेतात, याला ना आहे.

आपल्याकडं कार्बाइडचा आंबा हाच प्रकार नाही का? वरून पिवळाधमक, आत आंबट. आढीत घालून वाट बघणाऱ्याचा आंबा आणि पुडी टाकणाऱ्याचा आंबा बाजारात शेजारी शेजारी बसतात. कार्बाइडनं फळ पिकवून विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी ते चालू आहे, कारण गिऱ्हाईक पिवळा रंग बघून हात घालतं.

गुळाचं बघा. तिथं उलटं आहे. सिगारला काळं पाहिजे, गुळाला पिवळं पाहिजे. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण सौद्यात ढेप फोडली की अजून पहिली नजर रंगावरच जाते. भेंडीचा चिक घालून, मळी नीट काढून, कष्टानं केलेला गूळ जरा गडद आला की भाव कमी. हायड्रोस टाकून पिवळा केलेला मात्र वरच्या भावात. मग गुऱ्हाळवाल्यानं काय शिकायचं? पोटासाठी तो तेच शिकतो जे बाजार शिकवतो.

म्हणून माझा राग एकट्या रंगवणाऱ्यावर नाही. डोळ्यानं भाव करणाऱ्या बाजारावरही आहे. आणि डोळ्याचं काय सांगावं, त्याची आवड बदलत असते. 1950-60 च्या सुमाराला अमेरिकेत हिरवट सिगारची चलती होती. पान उष्णता देऊन झटपट वाळवायचं, म्हणजे हिरवा रंग तसाच राहतो. त्याला ‘कांदेला’ म्हणतात. आज त्याच देशात काळ्याला मान आहे. काळी म्हणजे कडक, असा समज आहे. खरं तर सिगारचा कडकपणा मुख्यतः आतल्या भरणीवर ठरतो, आणि नीट मुरलेलं काळं पान चवीला पुष्कळदा गोडसर असतं. म्हणजे समजच चुकीचा, आणि त्या चुकीच्या समजासाठी रंगाचा डबा उघडायचा.

आता आपला संबंध. व्यापारी वखारीत बसून पान हातात घेतो, चोळतो, वास घेतो, रंग बघतो आणि भाव सांगतो. मोजायचं यंत्र नाही, लिहिलेला नियम नाही. गेल्या साली एकानं माझ्या मालाला ‘रंग मारलाय’ म्हणून भाव पाडला. ठिपका होता, पान भरलेलं होतं, पण आठवडाभर ढगाळ हवा राहिली आणि वाळताना रंग उतरला. पानात खोट नव्हती, त्याच्या डोळ्याला पटलं नाही एवढंच. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या आंदोलनाच्या मुळाशी हेच होतं, पिकवणाऱ्याच्या मालाचा भाव घेणारा एकटा ठरवणार. इतकी वर्षं झाली, वखारीतला हात आणि डोळा अजून तोच आहे.

आता विचार करा. लांबच्या देशात ब्रॉडलीफ करणारा शेतकरी काय करतो? पान पुरतं पिकेपर्यंत थांबतो, गारपिटीचा धोका घेतो, जाड पान जपून टांगतो. त्याच्या पानाला जादा पैसे का? कारण दुसऱ्या पानाला तो काळेपणा येत नाही. उद्या रंगाच्या डब्यातून कुठल्याही पानाला तो काळेपणा येत असेल, तर कारखानदार त्याला जादा पैसे का देईल? गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात, पण थांबणाऱ्या शेतकऱ्याचा थांबण्याचा मोबदलाच जातो. दोन वर्षं असं झालं की तोही लवकर कापायला लागतो. मग खरं पान कुणीच करत नाही.

माझं मागणं मोठं नाही. आपल्याकडं विडीच्या बंडलावर, सिगारेटच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागेत धोक्याचा इशारा छापावा लागतो. तो बरोबरच आहे. उरलेल्या जागेत एक ओळ बसेल, ‘वरच्या पानाला रंग दिलेला आहे.’ वाफ दिली असेल तर वाफ लिहा, काढा मारला असेल तर काढा लिहा. ज्याला रंगवलेली पाहिजे त्यानं रंगवलेली घ्यावी, तिच्या भावात. आणि ‘मादुरो’ हा शब्द मुरलेल्या पानाला राहू द्यावा.

आपल्या पुरतं म्हणाल तर, आंबा घेताना, गूळ घेताना, हळद घेताना रंगाच्या आधी दोन प्रश्न विचारा. कसं केलं? किती दिवस लागले? ज्यानं खरं केलंय तो दिवस मोजून सांगतो, आणि सांगताना त्याला बरं वाटतं. ज्यानं नाही केलं तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायला लागतो.

तुमच्या भागात कुठल्या मालाला रंगावर भाव मिळतो आणि त्यासाठी काय काय करावं लागतं, ते लिहा. नावं नकोत, पद्धत लिहा. पुढच्या नोंदीत फुटव्यांच्या औषधाबद्दल लिहीन.

राम राम.