पाटी रस्त्यावरची आणि पाटी पडद्यावरची

बेळगावच्या मराठी माणसासमोर ‘पाटी’ हा शब्द नुसता उच्चारावा, की तो तासभर बोलतो. २०२४ साली कर्नाटक सरकारने भाषाविषयक कायद्यात दुरुस्ती करून दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले, तेव्हापासून तर विचारूच नये. त्या वादात मी आज शिरत नाही. त्यावर लिहिणारे समर्थ लोक आहेत. माझे भांडण घरच्यांशी आहे. गिऱ्हाईक आता दुकानाच्या दारात येण्याआधी दुकानाची दुसरी एक पाटी पाहते, मोबाईलच्या पडद्यावरची. त्या पाटीला टक्केवारी लागू नाही, तिला काळे फासायला कोणी शिडी घेऊन येत नाही. आणि तिथे आमच्या मराठी व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने मराठी पुसून टाकली आहे!

खोटे वाटत असेल तर फोनवर आपल्या गल्लीतली दुकाने उघडून पाहा. तीन पिढ्या कुंदा विकणाऱ्या माणसाच्या नावाखाली काय सापडते? ‘वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर अँड सप्लायर’ अशा थाटाची दोन वाक्ये, तीही कोणा कंत्राटी पोराने लिहिलेली. पोलादाच्या कारखान्यालाही चालतील आणि मिठाईच्या दुकानालाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभे राहून काय विचारते, हे त्या मालकाला झोपेतसुद्धा सांगता येईल. कुंदा आजचा आहे का? पुण्यापर्यंत गाडीत टिकेल का? फ्रिजमध्ये ठेवायचा की बाहेर? साखर कमी असलेला मिळतो का? लग्नासाठी दहा किलो हवा तर किती दिवस आधी सांगायचे? मांडे रोज असतात की मागणीवर करता? ही उत्तरे मालक दिवसातून पन्नास वेळा तोंडाने देतो. गूगलच्या नोंदीत दुकानाच्या वर्णनाला ७५० अक्षरांची जागा आहे. तेवढ्यात ही सगळी उत्तरे साध्या मराठीत मावतात. पण नाही, तिथे आम्हाला लीडिंग व्हायचे असते.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘अहो, मराठीत शोधतो कोण?’ शोधतात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली, त्यानंतर ज्याला इंग्रजी स्पेलिंग येत नाही तो माणूसही फोनला तोंडी विचारू लागला. चंदगड, आजरा, गडहिंग्लजहून लग्नाचा बस्ता बांधायला येणारी माणसे, गोव्यातून खरेदीला येणारी कुटुंबे, सगळ्यांच्या तोंडी ‘बेळगाव’च असते. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी नाव बेळगावी झाले, नकाशावरही तेच आले. म्हणजे शोधणारा एका नावाने शोधतो आणि दुकान दुसऱ्या नावाखाली बसलेले. यंत्र दोन्हींची सांगड बऱ्याचदा घालते, पण आपल्या वर्णनात ‘बेळगाव’ हा शब्द एकदा लिहायला काय हरकत आहे? रस्त्यावर ज्या नावासाठी आपण घसा कोरडा करतो, ते इथे फुकट लिहिता येते.

दुसरे उत्तर याहून वाईट. ‘आमचे गिऱ्हाईक ठरलेले आहे, ते कुठे जाते?’ ते पुण्याला गेले आहे, बंगळूरला गेले आहे. आजोबा डोळे मिटून खडे बाजारातल्या त्याच दुकानात जात. नातू सुटीवर आला की आधी फोनला विचारतो आणि जो पहिला दिसतो त्याच्याकडे जातो.

आणि या मातीला हे शिकवायला बाहेरचा कोणी यावा, याची मला लाज वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची समजूत होती. ती इंग्रजी भपक्याने गेली नाही. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत पटवावे लागले. १९२० मध्ये त्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे स्वतःचे पत्र सुरू केले. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेले ते पत्र पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. धंद्याने आपली जागा आपल्या भाषेत कशी उभी करावी, याचे उदाहरण आमच्याच गावात सुरुवात केलेल्या माणसाच्या घरातून निघाले!

‘आपली जागा’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. आमचे तरुण व्यापारी इन्स्टाग्रामवर रील टाकतात, कौतुक आहे. पण ती जागा भाड्याची, आणि भाडेपट्टाही नाही. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे गिऱ्हाईक जमवलेल्यांचे दुकान एका रात्रीत उठले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद पडले. गूगलने छोट्या धंद्यांना फुकट दिलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. फुकटच्या ओसरीवर बसलेल्याला ऊठ म्हटले की उठावेच लागते. या जागा वापराव्यात, जरूर वापराव्यात. पण येणाऱ्याला शेवटी आपल्या स्वतःच्या पत्त्यावर न्यावे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव २०१४ पासून मिळते, म्हणजे पत्तासुद्धा मराठी अक्षरांत घेता येतो.

पण तो आपल्या नावावर घ्या. माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने सगळे एका एजंटावर सोपवले. पत्ता एजंटाच्या नावावर, नोंदीचा पासवर्ड एजंटाच्या खिशात. पैशांवरून बिनसले आणि दुकान जागेवर असून पडद्यावर ‘कायमचे बंद’ दिसू लागले. तेही ऐन लग्नसराईत! दुकानाची किल्ली नोकराला देऊन आपण तीर्थयात्रेला जातो का? हेच एजंट ‘पहिल्या नंबरवर आणून देतो’ अशी हमी देतात. अशी हमी कोणालाच देता येत नाही, हे खुद्द गूगल सांगते. मग ते नावातच ‘बेळगावातील सर्वोत्तम’ घुसडतात, विकतचे अभिप्राय चिकटवतात. नाव फलकावर आहे तेच लिहायचे, असा नियम आहे. मोडला तर नोंद निलंबित होऊ शकते. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानकही काढले आहे. कुंद्यात मैदा घालणाऱ्याला आपण काय म्हणतो, तेच याही धंद्याला म्हणावे.

या अंकाची जाहिरातींची पाने चाळा. दीपावलीच्या शुभेच्छा शुद्ध मराठीत, व्याकरणाची चूक नाही, खाली फोन नंबर. त्याच दुकानाचे नाव आता फोनवर शोधा. ते इंग्रजी वर्णन कोणी लिहिले हे मालकांनाच विचारा. आणि निघताना पासवर्ड कोणाकडे आहे, तेही विचारून या.