तीनचाकी जोडताना

बुजुर्गांचा तोल जाऊ लागला की सायकल सुटते. पुढे दोन, मागे एक चाक असलेली, पाठ टेकून चालवायची तीनचाकी त्यांच्या कामी येते. पण ती खोक्यातून सुटी येते. डावे पेडल घड्याळाच्या उलट दिशेनेच आवळावे. उगाच जोर केला तर आटे गेलेच! पुढचा दांडा पायाच्या मापाने सरकवून घट्ट करावा. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, ते अंगणातच पाहावे. खरी भीती पायाची. पेडलवरून घसरून तो जमिनीला टेकला, की गाडी पुढे जाते आणि पाय आडव्या दांड्याखाली ओढला जातो. म्हणून आम्ही अब्बांसाठी टाच धरून ठेवणारी, पट्ट्यांची पेडले बसवली. अब्बा कुरकुरले; आम्ही ऐकले नाही. उठता-बसता पार्किंग ब्रेक लावलेला असावा.