निर्वासित कन्येचे पुनरागमन

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा लाटव्हियात शिरल्या, तेव्हा ज्या असंख्य कुटुंबांनी देशत्याग केला, त्यांतील एकात सात वर्षांची वाइरा होती. जर्मनीत तिची तान्ही बहीण दगावली. निर्वासितांच्या छावण्या, मग मोरोक्को आणि १९५४ साली कॅनडा, असा तिचा प्रवास झाला.

कॅनडात वाइरा वीके-फ्रेइबेर्गा यांनी १९६५ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि माँट्रियल विद्यापीठात तीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले. परंतु परभूमीत वाढूनही मातृभाषा त्यांनी सोडली नाही. 'दाइना' ही लाटव्हियाची प्राचीन लोकगीते, बहुधा चारच ओळींची. त्यांतील सूर्यगीतांचा त्यांनी पतीच्या साहाय्याने संगणकावर अभ्यास केला. देश परसत्तेखाली असताना त्याचा आत्मा या गीतांतच वसत होता.

१९९१ साली लाटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला. १९९८ साली, वयाच्या साठीत, त्या मायदेशी परतल्या. पुढच्याच वर्षी संसदेत राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कोणीच निवडून येईना. तेव्हा कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या या विदुषीचे नाव पुढे आले आणि त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. २००३ साली त्यांची फेरनिवड झाली. २००४ साली लाटव्हिया नाटो व युरोपीय संघ यांत सामील झाला. २००७ साली त्या पदमुक्त झाल्या.

घर हिरावले गेले तरी ज्याने भाषा जपली, त्याची परतीची वाट बुजत नाही, हेच त्यांचे चरित्र सांगते.